पूर्वेकडचं गाठोडं

हेमकांतने आखलेला प्रवास असा होता. शनिवारी सकाळी आठ चाळीसला गोपालच्या पिकअपमधून गाव सोडायचं. साडेनऊला नंदुरबार स्टेशन. दहा पंचवीसची गाडी. रविवारी संध्याकाळी भुवनेश्वर, रात्री संस्थेजवळच्या लॉजवर मुक्काम, आणि सोमवारी सकाळी साडेआठला भूमिका फाइल घेऊन संस्थेच्या दारात. वहीच्या एका पानावर त्याने हे सगळं उतरवलं होतं आणि प्रत्येक टप्प्यापुढे हाताशी राहणारी मिनिटं लिहिली होती. नंदुरबारपुढे लिहिलं होतं पंचावन्न.

एकतीस वर्षं तो एसटीत होता, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी फलाटाला लागली की घड्याळ, नोंदवही आणि शिक्का, हा क्रम त्याच्या हाताने कधी मोडला नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी प्रकाशा गावापासून म्हसावदपर्यंतची माणसं अजून त्यालाच फोन करून गाड्यांच्या वेळा विचारत, आणि तो त्या न बघता सांगत असे. तापीकाठच्या त्या गावात शेती सगळ्यांकडे होती. घड्याळावरून ओळखला जाणारा माणूस एकच होता.

भूमिका ही त्याच्या मोठ्या भावाची, मगनची मुलगी. बीएस्सी झाली, वर्षभर घरी बसून परीक्षा देत राहिली आणि ग्रामीण व्यवस्थापनाच्या एका संस्थेच्या मुलाखतीपर्यंत पोचली. या पंचक्रोशीतून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. मगनचा विरोध नव्हता, पण अट होती. एकदा प्रयत्न करायचा. झालं तर दोन वर्षं भुवनेश्वर, नाही तर शहाद्यात बी.एड. त्याची सीईटी तिने देऊन ठेवली होती. मगन हे रागाने बोलला नव्हता, पपईच्या रोपांचा दर सांगावा तसं त्याने ते सांगितलं होतं. भूमिकानेही वाद घातला नाही. ती फक्त नानाकडे आली. हेमकांतला ती नाना म्हणायची.

"नाना, माले टायमावर पोचाड. बाकीनं मी देखी लिसू," ती म्हणाली होती.

अडचण निघाली ती वाराची. थेट गाडी शनिवारचीच होती आणि शनिवारी पूर्वेला जायचं नसतं, दिशाशूळ असतो. भुवनेश्वर पूर्वेला. हेमकांतची आई तापीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भिंतीवरच्या गुजराती पंचांगात चौघडिया बघितल्याशिवाय बियाण्याची पिशवीसुद्धा न फोडणारी. पण ती अडवून बसणारी बाई नव्हती. तिच्याकडे तोड होती. चांगल्या वेळी आपण निघू शकत नसू तर आपली एखादी वस्तू आधी निघते. ती गाठोड्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी ठेवायची, आणि प्रत्यक्ष निघताना तिथून उचलून पुढे जायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या वेळीच सुरू झाला. पुस्तकात याला प्रस्थान म्हणतात, घरात पस्तानं म्हणत. वस्तू मात्र तशीच हवी, जिच्यावाचून प्रवासाला अर्थ नाही. नुसते तांदूळ-सुपारी ठेवणं म्हणजे देवाला फसवणं, असं तिचं म्हणणं.

शुक्रवारी दुपारी शुभाच्या चौघडियात तापीबाईने गाठोडं बांधलं आणि गावाच्या पूर्व टोकाला सुंदरबाईच्या घरी देवापुढे ठेवून आली. गावातून नंदुरबारला जाणारा रस्ता पश्चिमेला, प्रकाशाच्या बाजूने निघतो. म्हणजे गाठोडं उचलायचं तर आधी उलट दिशेला जायचं, गाडी वळवायची आणि सगळं गाव पुन्हा ओलांडायचं. हेमकांतच्या हिशेबाने सात मिनिटं.

शनिवारी सकाळी भूमिका देवघरात दही खात असताना तापीबाई ओट्यावर हेमकांतपाशी आली. सुंदरबाई लग्नाला म्हसावदला जायची आहे, नऊपर्यंतच घरी आहे, आधी तिकडूनच जा, असं तिने सांगितलं. आणि वर म्हणाली, "गाठोडं उचलाशिवाय जावानं नही, भाऊ. भुलू नको."

हेमकांत हो म्हणाला. गाठोड्यात काय आहे ते त्याने विचारलं नाही. पिकअपमध्ये बसल्यावर गोपालने विचारलं, निघू या का. हेमकांतने घड्याळ बघितलं. आठ एकेचाळीस. सरळ चल, तो म्हणाला. तांदूळ-सुपारी काय, परत आल्यावरही उचलता येईल. पंचावन्नचे अठ्ठेचाळीस करायचे नव्हते.

स्टेशनवर ते नऊ एकोणतीसला पोचले. एक मिनिट आधी. पाण्याच्या बाटल्या घेऊन बाकावर बसल्यावर भूमिकाने फाइल उघडली, उगाच, हाताला काही काम हवं म्हणून. शेवटच्या वर्षाच्या मूळ गुणपत्रिकेचा प्लास्टिकचा कप्पा रिकामा होता.

फाइल हेमकांतने शुक्रवारी सकाळी स्वतः तपासली होती. सतरा कागद, सतरा खुणा. म्हणून शनिवारी पुन्हा बघितली नव्हती. भूमिकाने आईला फोन लावला. नूतन घाबरून घरभर शोधू लागली, मग मागून तापीबाईचा आवाज आला आणि सगळं समजलं. गुरुवारी संध्याकाळी भूमिका तोच कागद हातात धरून हसत म्हणाली होती की हा नसेल तर मी गेले काय नि न गेले काय. तापीबाईने तो शब्द मनावर घेतला. तिला हवी होती तशी वस्तू तिला मिळाली होती.

फोन हेमकांतच्या हातात आला.

"गाठोडं उचलं का रे?" आईने विचारलं.

भूमिका समोर उभी होती. "नही," हेमकांत म्हणाला.

मग मगनने फोन ओढून घेतला असावा, कारण पुढचे शब्द त्याचे होते आणि ते आईला उद्देशून होते. कागदपत्रांना हात लावायचं तुला कुणी सांगितलं, आणि लावलास तर कुणाला बोललीस का नाही? त्यावर तापीबाईचं उत्तर हेमकांतला स्पष्ट ऐकू आलं.

"गाठोडं उचलानं मीच सांगाले भुली गऊ," ती म्हणाली.

ते वाक्य खोटं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. दुसऱ्याने फोन कानापासून दूर केला आणि घड्याळ बघितलं. नऊ पंचेचाळीस.

सुंदरबाई म्हसावदला निघून गेली होती, घराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कनवटीला. मगन मोटरसायकलवर म्हसावदला जाऊन, किल्ली आणून, गाठोडं घेऊन नंदुरबारला येईपर्यंत एक वाजणार होता. संस्थेचा फोन वाजून वाजून बंद पडत होता, शनिवारची सुट्टी.

भूमिका तोवर शांत झाली होती. झेरॉक्स आहे, मोबाइलमध्ये फोटो आहे, तिथे जाऊन सांगू, तिने सुचवलं. हेमकांतने मुलाखतीचं पत्र काढलं आणि जाड अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं. मूळ कागदपत्रांशिवाय उमेदवारास मुलाखतीस बसता येणार नाही. एवढ्या लांब जाऊन दारातून परत यायचं का, त्याने विचारलं. त्यापेक्षा गाठोडं येऊ दे. इथून एसटीने भुसावळ, तिथून रात्रीची गाडी, मध्ये एक बदल, सोमवारी सकाळी सात दहाला भुवनेश्वर. त्याने मोबाइलवर वेळा बघून हे बाकावर बसल्या बसल्या जुळवलं होतं. संस्था पाऊण तासावर. सात पंचावन्न. हाताशी पस्तीस मिनिटं राहत होती.

"ती गाडीमा आपलं रिझर्वेशन नही, नाना. आनि लेट व्हयनी ते?"

"कागदवर बराबर बसस," तो म्हणाला.

दहा पंचवीसची गाडी दहा पंचवीसला आली. त्यांचा डबा बरोबर त्यांच्या समोर थांबला, कारण हेमकांतने बाक तसाच निवडला होता. पाच मिनिटांचा थांबा. तिसऱ्या मिनिटाला भूमिका उठली, आपली बॅग उचलून डब्याच्या पायरीवर ठेवली आणि मागे वळून म्हणाली, "मी सांगसू ना त्यास्ले. चाल, नाना."

हेमकांतने बॅग उचलून पुन्हा फलाटावर ठेवली. जोराने नव्हे. पार्सल चुकीच्या गाडीत चढलं की उतरवतात तशी.

"नियम वाचता येस ना तुले?" तो म्हणाला.

गाडी सुटली. खिडकीतल्या एका बाईने, आपली माणसं चुकली की काय, अशा नजरेने दोघांकडे बघितलं.

पुढचं सगळं वहीतल्या नव्या पानाप्रमाणे झालं, फक्त वेळा सोडून. मगनने एक चाळीसला गाठोडं आणून दिलं. पिवळ्या फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि चार घड्या घातलेली गुणपत्रिका. तांदळाला पाण्याचा हात लागला होता, त्यामुळे हळकुंडाचा रंग कागदाला लागला होता, विद्यापीठाच्या शिक्क्याच्या जरा खाली. मगनने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाला म्हणाला, म्हातारी आता कामातून गेली. हेमकांत भुसावळच्या गाडीची पाटी वाचत राहिला.

रात्रीच्या गाडीत दोघं जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेले. मध्ये बदलून घेतलेली गाडी ओडिशात शिरल्यावर मालगाड्यांच्या मागे थांबत थांबत चालली. सात दहा वाजले तेव्हा बाहेर तलाव आणि भातशेती होती, स्टेशन नव्हतं. हेमकांतने वहीत खाडाखोड करून नवी वेळ लिहिली, मग आणखी एक, मग वही बंद केली. भूमिकाने सोमवारसाठी घडी करून आणलेला कुर्ता डब्यातच बदलला आणि ती दाराशी उभी राहिली. तिने काही बोलावं असं त्याला फार वाटत होतं.

संस्थेच्या दारात ते अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचले.

टेबलापाशी बसलेल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी यादीत नाव शोधलं, पुढची गैरहजेरीची फुली दाखवली आणि हिंदीत समजावलं की तिच्या गटाची चर्चा साडेनऊला झाली, मुलाखतीही आटोपत आल्या. भूमिकाने उशिराचं कारण सांगितलं आणि पुरावा म्हणून गुणपत्रिका पुढे केली. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या की याच्यासाठी थांबायची गरज नव्हती. मूळ कागद प्रवेशाच्या वेळी लागतात. आज कुणाकडे काही नसेल तर हमीपत्र लिहून घेतो. सकाळपासून अकरा जणांनी दिलं. मग पत्रात तसं का लिहिलं, हेमकांतने विचारलं. दरवर्षी तेच पत्र जातं, बाई म्हणाल्या.

त्यांनी विनंतीचा अर्ज आत पाठवला. दोघं चार वाजेपर्यंत व्हरांड्यात बसले. समोर मुलं-मुली हसत, एकमेकांचे नंबर घेत बाहेर पडत होती. चारला उत्तर आलं, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

परतीच्या गाडीत त्यांचं रिझर्वेशन होतं. ती वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली.

घरी कुणी आरडाओरडा केला नाही. मगनचं बोलून झालं होतं. नूतन सासूशी कामापुरतंच बोलू लागली. भूमिकाने आजीला एक शब्द विचारला नाही, पण फाइल आपल्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं. तापीबाईने भिंतीवरचं पंचांग उतरवून कोठीत ठेवलं. मे महिन्यात नांगरटीचा दिवस विचारायला कुणी तिच्याकडे आलं नाही.

जूनमध्ये एकदा ओट्यावर दोघंच होते. तापीबाई शेंगा फोडत होती. हेमकांत उठून जायला लागला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "तू सांगशी, आसं वाटनं व्हतं माले."

"आते सांगीसन काय व्हणार शे, माय?"

"काहीच नही," ती म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

ऑगस्टमध्ये शहाद्याच्या बी.एड. कॉलेजात कागदपत्रांची तपासणी होती. वेळ दहाची दिली होती. मगन शेतात अडकला म्हणून हेमकांत बरोबर गेला. किती वाजता निघायचं ते भूमिकाने त्याला विचारलं नाही, स्वतःच ठरवून ती आठलाच बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. लिपिक साडेअकराला आला. त्याने चहा मागवला, मग कपाट उघडलं, मग तिचे कागद हातात घेतले. झेरॉक्सचा गठ्ठा त्याने बाजूला सारला.

"झेरॉक्स नको. ओरिजिनल दाखवा, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

भूमिकाने गुणपत्रिका दिली. घड्यांच्या रेषा तशाच होत्या. लिपिकाने शिक्क्याखालच्या पिवळ्या डागावर अंगठा घासून बघितला आणि हे काय सांडवलं, म्हणून विचारलं.

"हळद," भूमिका म्हणाली. "आजीनं बांधून ठेवलं होतं. कुणाला सांगायला विसरली."

लिपिक हसला. कागद नोंदवून परत देताना त्याने हेमकांतकडे बघितलं, वयाने जवळचा माणूस म्हणून. "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, नाही का?"

भूमिकाही त्याच्याकडे बघत होती.

"हो," हेमकांत म्हणाला.