चार नंबरचा उपास

“पाला बघा केवढा माजलाय, आणि दाणे पोचट! पेरताना बीच बदललं असणार. तीन वर्षांचा प्रयोग पाण्यात,” आशा मॅडम चौथ्या तुकड्यातल्या उडदाची शेंग सोलत म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली.

बांधावर उभ्या पुंजारामच्या तोंडचं पाणी पळालं. पाचोडकडच्या या संशोधनाच्या शेतावर तो बावीस वर्षं राखणदार होता. तीन तुकड्यांना मोजूनमापून नत्राचं खत मिळे. चौथ्याच्या पाटीवर शून्य. बाकीची अक्षरं त्याला लागत नसत, शून्य तेवढं कळे. तीन पोरं जेवताहेत आणि चौथं दारात उभं, असं त्याला तीन पावसाळे वाटत आलं होतं. मेंढरांत वाढलेला माणूस. रान उपाशी ठेवणं त्याला कुठून जमणार?

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मॅडमच्या वहीत खोटं उतरणार, हे त्याला बघवेना. मग नोकरी गेली तरी जावो.

“म्याडम, बी नाय बदललं. गुन्हा माझा हाय. पेरणीआधी मेव्हण्याची मेंढरं बसवली मी चार नंबरात, लेंडीखत मिळावं म्हून. लई कीव आली वो.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समोरचं एक झाड उपटलं. मुळं कोरी. मेंढरं पोचली नव्हती त्या कोपऱ्यातलं दुसरं उपटलं. शेंगा टच्च, मुळांना गाठीच गाठी. एक गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी.

“उडीद हवेतलं नत्र या गाठींत स्वतः कमावतो, पुंजाराम. दाणे भरताना तेच शेंगेला पुरवतो. आयतं मिळालं की गाठी धरायचा कंटाळा करतो.”

“म्हंजी उपाशी नव्हताच त्यो?”

“नव्हता.”

पुंजारामला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. मॅडमनी वहीत खरं ते लिहिलं. नोकरी राहिली.

पुढच्या मे महिन्यात प्रयोगात पाचवा तुकडा आला आणि त्यावर पाटी लागली: मेंढ्या. मेव्हणा सांडू कळप घेऊन आला, तेव्हा पुंजाराम नवा फेटा बांधून हजर. भर दुपारी एक मेंढी चार नंबरात शिरली. जन्मात मेंढरावर हात न उगारलेल्या पुंजारामनं तिला काठी दाखवून हुसकलं. मग उन्हात उकिडवा बसून तिच्या लेंड्या एकेक वेचून उपरण्यात घेऊ लागला.

“दाजी, येड लागलं का? चार लेंड्यांनी काय व्हतंय?” सांडू ओरडला.

“तिथं शून्य लिवलंय,” पुंजाराम म्हणाला आणि ढेकळाखाली हात घालून पुढची लेंडी शोधू लागला.