सात नंबरची घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. ऑपरेशननंतरच्या वॉर्डातली, सात नंबरच्या खाटेची. घंटा म्हणतात खरं, पण मी म्हणजे लांब वायरच्या टोकाचं लाल बटण. ते दाबलं की दारावरचा दिवा लागतो आणि सिस्टर येतात.

पूर्वी पोट उघडून कॅन्सर काढलेल्या बायका मला दिवसभर दाबायच्या. पाणी, उशी, इंजेक्शन. दहा-बारा दिवसांचा मुक्काम. मग दुर्बिणीतून ऑपरेशनं होऊ लागली. चार बारीक छेद, चार दिवसांत घर. खाटा लवकर मोकळ्या होऊ लागल्या, मलाही विसावा मिळाला. चांगलंच झालं ते.

अशीच एक आई आली, सोबत तिची मुलगी. आतड्याचा कॅन्सर, दुर्बिणीतून काढलेला. शेजारी आठ नंबरच्या मावशी. त्यांचं पोट वरपासून खालपर्यंत शिवलेलं. घंटा वाजवून त्या सिस्टरना म्हणायच्या, "बाई, टाके कशाला घातले? चेनच बसवायची, उघडझाप सोपी!" आई पोट धरून हसायची.

चौथ्या सकाळी तिच्या पोटात खोल कळ आली. ताप नव्हता, टाके स्वच्छ होते. कळ तिलाच ठाऊक, आणि मला. तिने मला मुठीत धरलं, अंगठा बटणावर ठेवला. मी वाट पाहिली.

"दुखतंय का गं?" मुलीने विचारलं.

"छे! मला मेलीला चार भोकं. मावशींचं बघ, सिस्टर त्यांना लागतात."

अंगठा उचलला गेला.

"सात नंबर गुणाची हं," सिस्टर म्हणाल्या, "एकदाही घंटा नाही!" मुलगी अभिमानाने हसली. दुपारी मायलेकी घरी गेल्या.

तीन दिवसांनी आई परत आली. आतड्याची शिवण आतून सुटली होती. आता पोट उघडावंच लागलं. या वेळी मुलगी मला दाबतच राहिली. सगळे धावले. आई वाचली नाही.

तेव्हापासून एखाद्या दुपारी खाट रिकामी असताना सातचा दिवा लागतो. वायरमनला दोष सापडत नाही. मी मात्र तो अंगठा ओळखते.

मित्रांनो, कुणाचं दुखणं जखमेच्या लांबीवरून मोजू नका. न बोलणाऱ्याला गुणाचं म्हणू नका. "दुखतंय का" नको, "कुठे दुखतंय" विचारा.

त्याच सिस्टर दिवा पाहून अजूनही येतात. रिकाम्या उशीपाशी थांबतात, हळूच विचारतात, "कुठे दुखतंय?"

मग दिवा विझतो.