सगळे रुग्ण समुद्रात

नणंद कामावरून आली की आधी चपला भिरकावायची आणि मग वहिनीला ऐकवायची. ती घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करणारी नर्स. तिची रोजची फेरी ठरायची वहिनीच्या ऑफिसातल्या डेटाबेसमधून, आणि तो पत्ते लावायचा अक्षरांच्या क्रमाने. त्यामुळे नणंदबाई सकाळी शहराच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा सकाळच्याच गल्लीत.

"तुझ्या मशीनला पाय नाहीत ना, म्हणून," ती म्हणायची. वहिनीला ते झोंबायचं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

उपाय होता. त्यांचा डेटाबेस चालायचा पोस्टग्रेसवर. त्याला पोस्टजीआयएस नावाच्या, नकाशा समजणाऱ्या पुरवणीची जोड दिली, की त्याला नुसता पत्ता नाही, जागा कळते. कुठलं घर कुठल्या घराजवळ, ते सांगता येतं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. चालू डेटाबेसला हात लावायचा नाही, आधी नकलेवर करून दाखव, म्हणाले. वहिनीने बॅकअप घेतला, कोपऱ्यातल्या जुन्या लिनक्स मशीनवर नक्कल उभी केली आणि पदर खोचला.

पुरवणीचं पॅकेज बसलं, पण जोड चालू करायचा हुकूम दिला की डेटाबेस म्हणे, अशी काही फाइलच नाही. तिने डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या होत्या. चालू होती जुनी आणि पॅकेज घातलं होतं नवीसाठी. जुनीचं पॅकेज घातलं, आणि हुकूम मुकाट्याने मानला गेला.

तिने घरांचे ठिपके नकाशावर काढले, तर सगळे रुग्ण भर समुद्रात! शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस खो खो हसला, नर्सबाईंना आता होडी द्या म्हणाला. वहिनीही हसली, आणि हसता हसताच तिला चूक दिसली. तिने अक्षांश आधी दिले होते, त्याला हवे होते रेखांश. अदलाबदल केली. ठिपके एकेक करून आपापल्या गल्लीत येऊन बसले. मग अंतर मीटरमध्ये येईल अशी सोय केली आणि प्रत्येक घरानंतर जवळचं घर मागितलं. फेरी अशी सरळ निघाली की साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले.

"घे आता खऱ्यावर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नणंदेने नवी फेरी बघून नाक मुरडलं. दुपारी मात्र तिचा फोन आला.

"वहिनी, झालं माझं. सगळं झालं."

"एकही घर राहिलं नाही ना, वन्सं?"

"एकही नाही. आणि शेवटच्या आजोबांकडे बसून चहासुद्धा प्यायले."

वहिनीने फोन ठेवला तेव्हा दारात बाकीच्या नर्सेस येऊन उभ्या होत्या. आमच्या फेऱ्या कधी, असं विचारत होत्या. साहेबही आले, औषधांचं सर्वांत जवळचं दुकान विचारता येईल का, म्हणाले.

"विचारा की," वहिनी म्हणाली. "आता त्याला काहीही विचारा."