दुखवट्याचा ठराव

विष्णुपंतांनी चष्मा पुसला आणि सर्वांना उभं राहायची विनंती केली. गिरणीची वार्षिक सभा दुखवट्याच्या ठरावानंच सुरू व्हायची. अणदूर-लोहाऱ्याकडचे भागधारक खुर्च्या सरकवत उठले. व्यासपीठावर मालक महालिंगप्पाही उठला. ठराव दरवर्षी तोच, म्हणून त्यानं न वाचताच सही ठोकली होती.

निवृत्त कामगारांच्या पेन्शनसाठी निजामाच्या काळापासून गिरणी रक्कम बाजूला काढत आली होती. यंदा तोटा आला आणि भागधारक तर नफ्याकडं डोळे लावून बसलेले. महालिंगप्पानं तोड काढली. साठी ओलांडलेले सगळे पेन्शनर हिशेबात मेलेले धरायचे, त्यांची रक्कम नफ्यात घ्यायची आणि पेन्शन बंद. हिशेबनीस विष्णुपंतांनी हरकत घेतली तेव्हा तो हसला.

"पंत, पुढच्या साली तुमी बी रिटायर. तुमाला बी मेलेलंच धरतो की."

हे पंतांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी हिशेब अगदी मालकाच्या मनासारखा केला. सूड घ्यायचा तर सभेत, सगळ्यांदेखत घ्यायचा, हे त्याच दिवशी ठरलं.

आता ते खणखणीत आवाजात नावं वाचू लागले.

"कैलासवासी कोंडीराम, बॉयलरवाले."

पेन्शनची विचारणा करायला दाराशी आलेला कोंडीराम दचकला. शेजारी त्याच्या बायकोचा हात कपाळाच्या कुंकवाकडं गेला. सभेत कुजबुज झाली. महालिंगप्पानं थांबायची खूण केली. पंतांनी ती पाहिली आणि मजेत पुढं वाचत राहिले.

"आणि लिंगैक्य शिवप्पा, संस्थापक. या सर्वांच्या जाण्यानं यंदाच्या नफ्यात मोलाची भर पडली. सभा त्यांची ऋणी आहे."

शिवप्पा म्हणजे महालिंगप्पाचे वडील. गिरणीची पेन्शन त्यांनाही होती, हे लेक साफ विसरला होता. ते त्याच्याच शेजारी काठी टेकून उभे होते. लेकाकडं पाठ करून ते दाराकडं वळले.

"कोंडीराम, हिकडं ये. आपुन दोघं बी गेलोत म्हणं. बस माझ्याजवळ."

काठीनं त्यांनी लेकाची खुर्ची आपल्याकडं ओढली. कोंडीराम बिचकत आला आणि तिच्यावर टेकला. मग बाकीची सभाही बसली. महालिंगप्पा उभाच राहिला. विष्णुपंतांनी घसा खाकरला आणि नफ्याचा आकडा वाचायला घेतला.