मारेनची नोंद

पन्नाशी उलटल्यावर क्षमा डॅनिश शिकली, तीही नोकरीपायी. जयनगरच्या तिच्या कचेरीत परदेशांतली जुनी दफ्तरं वाचून संगणकावर चढवायचं काम चाले. अमेरिकेत जाऊन वसलेल्या डॅनिश शेतकऱ्यांच्या एका लूथरन चर्चसंघाचे कागद आले, आणि त्यावरून संघाचा इतिहास लिहायचं कामही तिच्याकडेच आलं.

चार वर्षं ती त्या माणसांत राहिली. आधी लाकडी चर्च, शाळा, मग भांडण. बायबलातला शब्द न् शब्द देवाचा, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा म्हणे, देवाचा शब्द पुस्तकात नाही, जमलेल्या माणसांच्या प्रार्थनेत जिवंत असतो. नाचणं पाप की नाही, यावरूनही जुंपली. संघ फुटला. सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देईनात.

एका गावच्या इतिवृत्तात तिला मारेन सापडली. चार वर्षांची, घटसर्पानं गेलेली. बाप दुसऱ्या गटात गेला म्हणून चर्चच्या दफनभूमीत तिला जागा नाकारली. त्यानं तिला स्वतःच्या शेतात, ओढ्यालगत पुरलं. ठरावाखाली पाद्र्याची सही होती. क्षमानं त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

इतिहास छापणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्या पाद्र्याचे पणतू निघाले. त्यांचा निरोप घेऊन तिचा साहेब गुरुदत्त आला. तोही तिच्यासारखाच राजाजीनगरचा, कानडी मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठी घरातला.

"क्षमक्का, ते प्रकरण काढा. 'काही बांधव वेगळे झाले' एवढंच ठेवा म्हणतात."

"खोटं लिहू?"

"खोटं कुठं? कमी लिहा. पुढचं काम त्यांच्याकडनंच येणार. बारा जण बसलेत इथं."

"सरी," ती कानडीत म्हणाली, म्हणजे बरं. प्रकरण तिनंच काढलं. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर निदान त्याला नावं ठेवता आली असती.

पुस्तक निघालं. काही महिन्यांनी अमेरिकेतून कारेन नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंची मेल आली. 'मारेन माझ्या आजीची पहिली मुलगी. तिला कुठं पुरलं ते आजी कधी बोलली नाही. पुस्तकात शोधलं, नाही. तुम्हाला कागदांत काही दिसलं का? मला एकदा तिथं जाऊन यायचंय.'

क्षमानं ती मेल गुरुदत्तला दाखवली. त्यानं दोनदा वाचली.

"कागद समितीचे. आपल्याला सांगता येत नाही, करारात आहे."

"म्हातारी आहे ती."

"मला वाईट वाटत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत असेल. त्याचा तिला काय उपयोग?"

तिनं खरं उत्तर लिहिलं. ओढा, शेताचा कोपरा, सगळं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिनं ते पुसलं आणि दुसरं पाठवलं: 'दफ्तरात अशी नोंद सापडत नाही.'

कारेनचं उत्तर लगेच आलं. 'इतक्या लांबून तुम्ही माझ्यासाठी शोधलंत, फार आभार. आता मी शोध थांबवते.'

पुढचं काम आलं, दुसऱ्या एका चर्चच्या वह्या. त्यातली मृत्यूची पानं क्षमानं दुसऱ्यांना वाचायला दिली.