दुधाची दाढ

मास्तरांच्या दारात मी बराच वेळ घुटमळले. पिशवीत पाच इवल्या कवट्या होत्या.

सिन्फोरियानो मास्तरांनीच मला संग्रहालयात कवटी धुवायला शिकवलं, तिला नावाची चिठ्ठी बांधायला शिकवलं, चुकीला चूक म्हणायलाही शिकवलं. आता ती विद्या त्यांच्यावरच उलटवायची होती. पन्नास वर्षांपूर्वी ते पराग्वे नदीपलीकडच्या रानात ओपॉसम नावाचे घुशीसारखे प्राणी पकडत असताना इकडे घरी त्यांची सहा वर्षांची निमिया तापाने गेली. निरोप पोचायला नऊ दिवस लागले. त्याच खेपेत सापडलेले पाच मुठीएवढे प्राणी त्यांना वेगळे वाटले, आणि त्या नव्या प्रजातीला त्यांनी लेकीचं नाव दिलं. त्या रानाबाहेर ती जगात कुठेच नाही, असं पुस्तकांतही छापून आलं.

खरं काय ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं आणि मी दाबून ठेवलं. मास्तरांच्या पश्चात छापू म्हटलं, भित्री कुठची! पण आता ब्राझीलच्या एका मुलीनेही तेच शोधून काढलं होतं. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आत जाऊन मी त्या पाच प्राण्यांच्या कवट्या टेबलावर मांडल्या. मास्तरांनी भिंग लावलं.

"तू काही बोलू नकोस. मी बघतो."

एकेका जबड्यावरून ते सुई फिरवत गेले. पाचव्यापाशी थांबले.

"मागची दाढ आलेलीच नाही. दुधाची पडलेली नाही. पाचही जणांची." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ही पोरं आहेत, ब्लासिदा. नेहमीच्याच ओपॉसमची पोरं."

"हो, मास्तर."

"विद्यार्थ्याने असलं काही केलं असतं तर कान उपटले असते मी त्याचे." मग हळूच म्हणाले, "तेव्हा मला जे लहान दिसे ते तिचंच वाटे गं."

आमच्या संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढून टाकत नाहीत. चूक ठरली तरी तिच्या जोडीला नवी बांधतात. पाचही नव्या चिठ्ठ्या मास्तरांनी स्वतः लिहिल्या, नेहमीच्या प्राण्याच्या नावाने. मला रडू आवरेना.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे आदराने न्या एर्सिलिया म्हणत, तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या गार पाल्याच्या चहाचा, पेला घेऊन आल्या. दर भेटीत त्या एकच विचारायच्या, आजही विचारलंच.

"काय गं, आमची निमिया आणखी कुठे सापडली का?"

मी मास्तरांकडे बघितलं. जन्मात एक खोटी नोंद न केलेला माणूस.

"सापडली," ते म्हणाले. "तो नेहमीचा ओपॉसम असतो ना, तो आणि ती एकच निघाले. म्हणजे बोलिव्हियात आहे, अर्जेंटिनात आहे, पार ब्राझीलपर्यंत आहे."

न्या एर्सिलियांनी पेला टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"एवढ्या लांब गेली?" त्या म्हणाल्या. "माझा हात धरल्याशिवाय झोपायची नाही हो पोर."