कपाटातली चांदीची नळी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची नळी आहे. करंगळीएवढी, जराशी वाकडी. मुलांच्या रुग्णालयात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असते. आता ही रडगाणं गाणार, असं वाटलं ना? छे, मी सुखात आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराने घासून घासून गुळगुळीत केलं, कारण माझी जागा होती लहान मुलांच्या गळ्यात. तेव्हा घटसर्पाचा फार धाक होता. जंतूंमुळे घशात करडा पापुद्रा धरायचा आणि श्वास कोंडायचा. डॉक्टर गळ्याला चीर देऊन मला आत बसवत. माझ्यातून श्वास आत जायचा आणि काळंनिळं पडलेलं पोर डोळे उघडायचं. आया मला हात जोडायच्या. पण सगळीच पोरं वाचत नसत. आमच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टर तेव्हा कामावर नव्या होत्या. मला उकळताना त्या पाठ फिरवून रडायच्या.

मग घरोघरच्या बाळांना लस मिळू लागली आणि माझं काम संपलं. तरी सिस्टरांची खोड अशी, की दर शनिवारी मला उकळून, पुसून ठेवायच्या. "मेल्या घटसर्पाचा काय नेम! येईल परत," म्हणायच्या.

आणि एकदा तो आलाच. सिस्टरांच्या इमारतीत राहायला आलेल्या एका मुलीला घटसर्प झाला. तिच्या लसी राहून गेल्या होत्या. समोरच्याच दारात सिस्टरांची लेक आणि तिचं तान्हं बाळ. लस द्यायचं त्याचं वयही झालं नव्हतं. सिस्टरांच्या पायाखालची जमीनच सरकली. मुलीवर लगेच उपचार झाले, शेजाऱ्यांना औषधं दिली, तरी त्या मला रोज उकळू लागल्या. मी मनात म्हणे, नको गं बाई, त्या इवल्याशा गळ्यात मला नको घालूस.

जिन्यात त्या मुलीबरोबर इमारतीतली सगळी पोरं खेळली होती. पण त्या सगळ्यांना लहानपणीच लस मिळालेली. आजाराला कुठेच थारा मिळेना. बाळापर्यंत जायला त्याला वाटच उरली नाही. ती मुलगीही बरी होऊन घरी गेली.

पुढे लेक बाळाला पहिली लस द्यायला घेऊन आली. तीही आईसारखी सिस्टरच. टेबलावर मला पाहून म्हणाली, "आई, ही कसली गं नळी? स्टोव्हची आहे का?"

मोठ्या सिस्टर हसता हसता रडू लागल्या. "तुला ओळखता येत नाही ना? नकोच यायला, बाई!"

मित्रांनो, मला खुशाल विसरा, पण लस चुकवू नका. जिन्यातल्या त्या पोरांचे उपकार मी कसे फेडू? आपण एक बाळ राखलं, हे त्यांच्या गावीही नाही.

तेवढ्यात बाळाला सुई टोचली. काय भोकाड पसरलं म्हणून सांगू! मी आयुष्यभर श्वास ऐकत आले आहे. इतका मोकळा गळा मी कधी ऐकला नव्हता.